थंड लोखंडावरची मापं

माझ्या टेबलावर काचेच्या लहानशा बरणीत पिस्टन रिंगचा एक तुकडा ठेवलेला आहे. बोटाएवढा लांब, काळपट, किंचित वाकडा. त्याचं एक टोक मोडलेलं, खडबडीत, राखाडी. दुसरं मात्र आरशासारखं चकाकतं. रिंग म्हणजे पूर्ण कडं नसतं. तिच्यात एका जागी बारीक फट ठेवलेली असते, आणि हे चकाकणारं टोक त्या फटीच्या एका काठाचं आहे. त्याला कुणी पॉलिश मारलेलं नाही. इंजिन तापलं, रिंग वाढली, फट मिटली आणि दोन्ही टोकं एकमेकांना भिडली. तरी रिंग वाढतच होती. पुढे सरकायला जागा उरली नाही म्हणताना ती सिलिंडरच्या भिंतीवर करकचून दाबली गेली, आणि पिस्टनच्या ज्या खाचेत ती बसते तिचा काठच उपटून निघाला.

ते टोक मला कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरात एका वयस्कर मिस्त्रींनी दाखवलं. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. तुकडा भिंगाखाली धरून ते म्हणाले, "बघा पाव्हणं, ही टोकं एकमेकाला भेटल्यात. ती भेटायला नको हुती."

इंजिन बांधण्याबद्दल मला आज जे काही समजतं, त्याची सुरुवात त्या वाक्यापासून झाली.

हा तुकडा ज्या गाडीतून निघाला ती २००६ सालची, स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. त्या काळात आपल्या रस्त्यांवर टर्बो पेट्रोल इंजिनाच्या गाड्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, त्यामुळे गाडीवेड्या माणसांना तिचं फार अप्रूप. तिची जुळणी आपल्याच मराठवाड्यात, तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या शेंद्र्याला. स्कोडाने २००१ साली भारतात काम सुरू केलं ते तिथूनच. इंजिन फोक्सवॅगन-ऑडी घराण्याचं. चार सिलिंडर, १७८१ सीसी, प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह: तीन हवा आत घ्यायला, दोन धूर बाहेर टाकायला. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ८१ मिलीमीटर; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली चाल, ८६.४ मिलीमीटर. ब्लॉक ओतीव लोखंडाचा, हेड ॲल्युमिनियमचं, आणि ताकद १५० अश्वशक्ती. मी ती सेकंडहँड घेतली तेव्हा तिचं वय झालं होतं, पण दोन हजार आरपीएमच्या पुढे टर्बोने दम धरला की पाठ सीटला टेकायची. त्या क्षणासाठीच मी ती घेतली होती.

एक लाख ऐंशी हजार किलोमीटरला ती ऑइल खायला लागली. मी एका गॅरेजमध्ये इंजिन काम करून घेतलं. दहा दिवसांत गाडी हातात मिळाली, आणि इतक्या लवकर काम झालं याचा मला आनंद झाला. त्याच वेळी मी हौसेने बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाबही वाढवून घेतला. त्या कामात काय राहून गेलं ते पुढे इंजिन खोलल्यावरच कळलं. बाजारातून आणलेल्या रिंगा मुद्दाम थोड्या मोठ्या येणाऱ्या होत्या. अशा रिंगा एकेका बोअरमध्ये सरळ बसवून, फट फीलर गेजने मोजून, टोक घासत घासत नेमक्या मापाला आणायच्या असतात. त्या पुड्यातून काढल्या आणि थेट पिस्टनवर चढवल्या गेल्या. चार हजार किलोमीटर गाडी सुरेख चालली. मग मे महिन्यात रत्नागिरीहून परत येताना, साखरपा सोडून आंबा घाट चढताना, आरशात निळा धूर दिसला. इंजिन थरथरायला लागलं. तीन सिलिंडरांवर लंगडत आम्ही आंब्याला पोचलो. मुलगी मागच्या सीटवर झोपलेली होती. धूर बघून माझ्या पोटात जो खड्डा पडला तो अजून आठवतो.

उद्यमनगरात मी पहिल्यांदा गेलो तो ट्रकमध्ये इंजिन टाकून. पत्र्याच्या शेड, दारात लोखंडाचा चुरा, आतून येणारा कूलंटचा आणि जळक्या तेलाचा वास. या पेठेने उसाच्या पट्ट्याला पाणी पाजणारी ऑइल इंजिनं बनवली आणि दुरुस्त केली; आसपासच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमधून आजही मोटारींचं ओतकाम बाहेर पडतं. अण्णांनी तरुणपणी हजारो लायनर ओढले आहेत. लोखंड त्यांच्याशी बोलतं असं म्हणायचा मोह होतो, पण खरी गोष्ट अशी आहे की ते लोखंड मोजतात. अंदाजाने ते काही करत नाहीत.

मी सोबत यादी नेली होती. फोर्ज केलेले रेसिंगचे पिस्टन, जाड कनेक्टिंग रॉड, मोठा टर्बो, ८३ मिलीमीटरपर्यंत वाढवलेला बोअर. एकदा मोडलं, आता मोडणार नाही असंच सगळं घालायचं, हा माझा हिशेब. अण्णांनी यादी वाचली, घडी करून माझ्या हातात परत दिली आणि विचारलं, "गाडी कुठं न्यायची?"

"कुठं म्हणजे? इथंच. घाटातून कोकणात. कधी पुण्याला."

"मग यादी कोकणाची करा. ही शर्यतीची हाय."

त्या संध्याकाळी मी घरी येऊन यादी पुन्हा लिहायला बसलो, आणि पहिल्यांदाच प्रत्येक भागापुढे त्याची किंमत न लिहिता तो किती तापेल ते लिहीत गेलो.

टर्बोच्या इंजिनात सगळा खेळ उष्णतेचा आहे. इंजिन जे इंधन जाळतं त्यातला बराच मोठा वाटा धुरातून वाया जातो. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूशी या इंजिनिअरने १९०५ साली या वाया जाणाऱ्या धुराला कामाला लावायच्या कल्पनेचं पेटंट घेतलं: धुराच्या जोरावर एक चक्र फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने इंजिनात जास्त हवा कोंबायची. जास्त हवा म्हणजे जास्त इंधन, जास्त ताकद. आणि तेवढ्याच लोखंडात जास्त आग. पेट्रोल टर्बोमध्ये घाट चढताना धूर ९०० अंशांच्या घरात जातो. टर्बोचा दांडा मिनिटाला दीड लाखाहून अधिक फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ पडद्यावर तरंगत राहतो. एवढ्या आगीत प्रत्येक धातू वाढतो, पण सगळे सारखे वाढत नाहीत. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट वाढतं. म्हणजे पिस्टन सिलिंडरपेक्षा जास्त फुगतो, हेड ब्लॉकपेक्षा जास्त पसरतं, रिंग भिंतीपेक्षा जास्त तापते. आणि आपण मात्र हे सगळे भाग थंड असताना, सकाळच्या उजेडात, बाकावर ठेवून मोजतो.

इंजिन बांधणाऱ्याचं खरं काम हेच आहे. थंड लोखंडासमोर बसून, अजून न पेटलेल्या आगीत ते किती वाढेल हे आत्ताच ठरवायचं आणि तेवढी जागा सोडायची. जास्त सोडली तर पिस्टन डुलतो, तेल वर चढतं. कमी सोडली तर धातू धातूला धरतो. आणि कापलेलं लोखंड परत लागत नाही.

हे समजलं तेव्हा मला भोगावतीकाठचं आजोळ आठवलं. बैलगाडीच्या चाकाला लोहार धाव बसवायचा, तो दिवस आम्हा पोरांना सणासारखा. लाकडी चाक अंगणात आडवं ठेवलेलं असायचं आणि बाजूला शेणी रचून त्यात लोखंडाची धाव तापत ठेवलेली. धाव चाकापेक्षा मुद्दाम लहान केलेली असे. लाल झाली की तीन-चार माणसं चिमट्यांनी ती उचलत, चाकावर टाकत, घणाचे ठोके देत खाली बसवत आणि लगेच घागरींनी पाणी ओतत. वाफेचा लोट उठायचा, लाकूड करकरायचं, आरे एकमेकांत आवळले जायचे. त्या लोहाराने मायक्रोमीटर कधी पाहिला नव्हता. पण तापलेल्या लोखंडाकडे बघताना त्याच्या मनात थंड लोखंड असायचं. अण्णांचं काम त्याच्या उलट आहे आणि विद्या तीच.

पहिला निर्णय ब्लॉकचा होता. मला कुणीतरी सल्ला दिला होता की जुना ब्लॉक टाकून द्या, दुसरा शोधा. अण्णांनी तो धुऊन, रंग सोडून तडे तपासून पाहिला. तडा नव्हता. "ह्योच ठिवा," ते म्हणाले. "एवढ्या वर्सात काय वाकायचं ते वाकून बसलाय." या बोलण्यामागे धातूशास्त्र आहे. ओतकाम थंड होताना त्याच्या पोटात ताण अडकून राहतात. हजारो वेळा तापून आणि निवून ते हळूहळू सैल होतात आणि ब्लॉक आपल्या आकाराला स्थिर होतो. १९८३ साली नेल्सन पिकेने ब्रॅबहॅमच्या गाडीतून फॉर्म्युला वनचं ड्रायव्हरांचं विजेतेपद मिळवलं, टर्बो इंजिनाने मिळालेलं तसं ते पहिलं. त्या गाडीतल्या बीएमडब्ल्यूच्या दीड लिटर इंजिनाचा पाया साध्या रस्त्यावरच्या मोटारीचा ओतीव ब्लॉक होता, आणि त्यासाठी वापरून मुरलेल्या ब्लॉकना पसंती दिली जायची. जगातलं सगळ्यात आगजाळ इंजिन जुन्या लोखंडावर उभं राहिलं, हे वाचल्यावर माझ्या ब्लॉककडे मी वेगळ्या नजरेने पाहिलं.

मग मापं. प्रत्येक बोअर वर, मध्ये आणि खाली. प्रत्येक ठिकाणी आडवा आणि उभा. एका सिलिंडरची सहा मापं, चारांची चोवीस. अण्णा बोअर गेज आत सोडत, हलकेच मागेपुढे झुलवत, काटा सगळ्यात कमी जिथे थांबतो तो आकडा सांगत आणि मी वहीत लिहीत होतो. तिसऱ्या सिलिंडरच्या भिंतीवर उभे ओरखडे होते, नख अडकण्याइतके. ८१.५ला जायचं ठरलं. कंपनीनेच ठरवून दिलेला पहिला ओव्हरसाइज. एका बाजूने फक्त पाव मिलीमीटर लोखंड जाणार होतं आणि इंजिन १७८१वरून १८०३ सीसी होणार होतं. ८३चा विचार मी सोडून दिला. भिंत पातळ झाली की ती उष्णता नीट वाहून नेत नाही आणि दाबाखाली थरथरते. वीस-पंचवीस सीसीच्या पलीकडची हाव मला घाटात महाग पडली असती.

बोअरिंगला कधी लावायचं असं विचारल्यावर अण्णांनी उलट विचारलं, "पिस्टन कुठं हाईत?" ते यायला वेळ आहे म्हटल्यावर त्यांनी ब्लॉकवर तेल फिरवलं आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळून कोपऱ्यात ठेवला. पिस्टन हातात आल्याशिवाय ते बोअरला हात लावत नाहीत. पिस्टनला बोअर कापायचा असतो, बोअरला पिस्टन शोधायचा नसतो. डब्यावर ८१.५ लिहिलेलं असलं तरी प्रत्येक पिस्टन एक-दोन मायक्रॉन इकडेतिकडे असतो, आणि प्रत्येकाला त्याचं स्वतःचं घर मिळायला हवं.

पिस्टन निवडताना मी सगळ्यात जास्त वेळ घेतला. फोर्ज केलेल्या पिस्टनचे मुख्य दोन धातू आहेत. एकाला २६१८ म्हणतात; त्यात सिलिकॉन जवळजवळ नसतंच. तो चिवट असतो, इंजिनात अवेळी स्फोट झाले तरी पटकन फुटत नाही. पण तापला की जास्त वाढतो, म्हणून त्याला थंडपणी जास्त जागा द्यावी लागते आणि रोजच्या सकाळी तो खडखडतो. दुसरा ४०३२. त्यात साधारण १२ टक्के सिलिकॉन असतं. तो कमी वाढतो, घट्ट बसवता येतो, झिजतो कमी. मात्र शर्यतीतला बेबंद मार त्याला तेवढा सोसत नाही. माझ्या गाडीला दिवसातून चार वेळा सुरू व्हायचं होतं, मुलीला शाळेत सोडायचं होतं आणि महिन्यातून एकदा घाट चढायचा होता. मी ४०३२ घेतले. मागवण्यापूर्वी पिन मोजली, कारण याच घराण्याच्या इंजिनांत १९ आणि २० मिलीमीटर अशा दोन मापांच्या पिना येतात. रॉड जुनेच ठेवले, सरळ आहेत की नाही ते तपासून. बूस्ट मी परत खाली आणणार होतो, तेव्हा जाड रॉडची गरज उरली नव्हती. टर्बोही मूळ मापाचाच, नव्या गाभ्याचा. माझी दोन पानांची यादी अर्ध्या पानावर आली आणि मन हलकं झालं.

पिस्टन आले त्या दिवशी मी डबा उघडून एक हातात घेतला, कौतुकाने फिरवून पाहिला. अण्णा मायक्रोमीटर घेऊन आले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ठिवा खाली. आता ह्यो उद्याच मोजायचा."

मला वाटलं घाम लागेल म्हणून. कारण वेगळं होतं. हातातल्या उबेने पिस्टन दहा अंशांनी तापला तरी त्याचा व्यास पंधरा-सोळा मायक्रॉनने वाढतो. आपल्याला पिस्टन आणि भिंतीमध्ये जी जागा सोडायची ती पासष्ट मायक्रॉन. म्हणजे नुसतं प्रेमाने धरून बसल्याने मापात पाव हिश्श्याची चूक झाली असती. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी पोचलो. रात्रभर ब्लॉक, पिस्टन, मायक्रोमीटर आणि गेज एकाच बाकावर, एकाच हवेत पडून होते. पंखा बंद. अण्णांनी कापडाने धरून पिस्टन उचलला आणि तळाजवळ, पिनेला काटकोनात, एकाच ठरलेल्या उंचीवर मोजला. मी म्हटलं, दुसऱ्या बाजूने पण बघू या. त्यांनी बघू दिलं. पिनेच्या बाजूने माप कमी आलं. वरच्या टोकाला त्याहून कमी.

थंड पिस्टन गोल नसतोच. तो लंबगोल असतो, आणि वरच्या बाजूला निमुळता. आगीजवळचा माथा जास्त तापणार म्हणून तो आधीच बारीक ठेवलेला. पिनेभोवती धातू जास्त, तो त्या दिशेने जास्त पसरणार म्हणून ती दिशा आधीच आखूड. बाकावर वाकडा वाटणारा पिस्टन आगीत गेल्यावर भिंतीला हवा तसा होतो. कुणीतरी दूरवर, कधी न पाहिलेल्या माझ्या इंजिनातल्या उष्णतेचा विचार करून त्याला हा आकार दिला होता. मी त्या सकाळी बराच वेळ गप्प बसून राहिलो.

तोच विचार ब्लॉकलाही लागू होता. हेडचे दहा बोल्ट आवळले की ब्लॉकचा वरचा भाग ओढला जातो आणि बोअर शतांश-दोन शतांश मिलीमीटरने वेडावाकडा होतो. उघडा ब्लॉक अगदी गोल होन केला, तर हेड बसल्यावर तो गोल राहत नाही. त्यासाठी टॉर्क प्लेट लागते: हेडच्या जागी बोल्टने आवळायची जाड पोलादी पाटी, तिला चार मोठी भोकं, त्यातून होनिंगचे दगड आत जातात. या इंजिनाची प्लेट कोल्हापुरात कुणाकडेच नव्हती. अण्णांच्या मुलाने हेड गॅस्केट पोलादाच्या जाड पाटीवर ठेवून आखणी केली आणि दोन दिवसांत प्लेट कापून दिली. ती गॅस्केटसकट, हेडच्या बोल्टने, हेडच्याच टॉर्कला आवळली; खाली बेअरिंगच्या कॅपही आवळल्या. बोअरिंगमध्ये शेवटचे काही शतांश मुद्दाम राखून ठेवले होते, ते आता होनिंगने काढले. दगड गोल फिरत फिरत वरखाली होतात आणि भिंतीवर एकमेकांना छेदणाऱ्या तिरप्या रेघा उमटतात. या रेघा म्हणजे तेलाच्या चाऱ्या. भिंत काचेसारखी गुळगुळीत झाली तर तेल टिकत नाही. प्रत्येक बोअरवर पिस्टनचा आकडा खडूने लिहिलेला होता, आणि तो बोअर त्याच पिस्टनसाठी थांबला.

प्लेट काढल्यावर मी गेज आत घातलं. काटा हलला. बोअर आता गोल नव्हता. मी घाबरून वर पाहिलं.

"बाकावर गोल दिसंल ते खोटं," अण्णा म्हणाले. "आत गोल पायजे."

रिंगांचं काम मी स्वतः केलं, त्यांच्या देखरेखीखाली. एक दिवस गेला. ८१.५ मिलीमीटरच्या बोअरचा घेर २५६ मिलीमीटर. रिंग भिंतीपेक्षा शंभर अंशांनी जास्त तापली तर या घेरात ०.२८ मिलीमीटर वाढते, आणि ही सगळी वाढ त्या एका फटीत सामावायची असते. कंपनीने या इंजिनाला नव्या रिंगसाठी ०.२० ते ०.४० दिलेले आहेत. वरच्या रिंगला मी ०.४० ठेवले, दुसरीला ०.४५, म्हणजे दोहोंच्या मधे अडकणाऱ्या वायूला खाली निघून जायला वाट राहते आणि वरची रिंग उचलली जात नाही. रिंग बोअरमध्ये सोडायची, पिस्टन उलटा करून तिला सपाट ढकलायची, फीलर गेज घालून बघायचं, बाहेर काढून एकाच टोकाला, एकाच दिशेने दोन-तीन घासे द्यायचे, धार मोडायची, पुन्हा आत. एक घासा जास्त पडला तर रिंग गेली. संध्याकाळपर्यंत आठ रिंगा झाल्या. बरणीतला तो तुकडा मी समोर ठेवला होता. मागच्या वेळी याच एका दिवसाची बचत झाली होती.

बाकीचे निर्णय लहान दिसतात, पण त्यांच्याही मुळाशी तेच आहे. रॉडचे बोल्ट नवे घेतले. ते ३० न्यूटन मीटरला आवळून वर आणखी ९० अंश फिरवायचे असतात. त्या पाव फेऱ्यात बोल्ट ताणला जातो आणि रबरासारखा धरून ठेवतो. एकदा असा ताणलेला बोल्ट दुसऱ्यांदा तसाच धरेल याचा भरवसा नाही. हेडचं फेसिंग नुसत्या पापुद्र्याएवढं केलं, वाक काढण्यापुरतं. एक्झॉस्टच्या व्हॉल्व्हना ग्राइंडिंग मशीनवर चढवलं नाही. त्यांच्या पोकळ दांड्यात सोडियम भरलेलं असतं. इंजिन तापलं की ते वितळतं, आत हिंदकळतं आणि व्हॉल्व्हच्या डोक्याची उष्णता दांड्याकडे वाहून आणतं. अशा व्हॉल्व्हला फक्त सीटवर हाताने घासून बसवायचं. टर्बोला तेल पुरवणारी नळी गरम मॅनिफोल्डजवळून जाते. जुनी कापून पाहिली तर आत जळक्या तेलाचा कोळसा साचून अर्धी वाट बुजलेली होती. नवी घातली. इंटरकूलर तीनदा धुतला, कारण मोडलेल्या रिंगचा एखादा कण तिथे लपला असता तर तो परत सिलिंडरमध्येच आला असता. या कामांना कुणी नावाजत नाही. मला मात्र आता एखाद्याने बांधलेलं इंजिन बघायचं झालं तर मी आधी ती नळी बघतो.

जुळणी झाली. पहिल्यांदा प्लग काढून, ठिणगी न देता, ऑइलचा दाब येईपर्यंत इंजिन नुसतं फिरवलं. मग सुरू केलं. सगळे गप्प होते. अण्णांनी कान दिला, मान हलवली आणि चहा सांगितला. पुढचं काम रस्त्यावर होतं. नव्या रिंगा भिंतीला बसतात त्या त्यांच्या पाठीमागे येणाऱ्या वायूच्या दाबाने. गाडी फार जपून, नुसती रांगत चालवली तर भिंतीला चकाकी येते आणि रिंगा कायमच्या अर्धवट राहतात. म्हणून मध्यम जोर लावायचा, सोडायचा, पुन्हा लावायचा. दोनशे किलोमीटरला ऑइल बदललं, हजाराला परत. त्या दुसऱ्या ऑइलमध्ये चुंबक फिरवला तेव्हा त्याला जवळजवळ काहीच चिकटलं नाही. मी अण्णांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "आता चालवा निवांत."

पावसाळ्यानंतर आम्ही आंबा घाट परत चढलो. तीच वळणं, मागच्या सीटवर मुलगी, या वेळी जागी. मी आरशात पाहत होतो. मागे नुसता रस्ता होता, ओला, हिरव्या झाडांमधला.

या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. रोज सकाळी गाडी सुरू केली की पहिल्या अर्ध्या मिनिटात बॉनेटखालून एक बारीक टकटक ऐकू येते. एखाद्या नवख्याला ती बिघाडाची वाटेल. ते चार पिस्टन आहेत, अजून थंड, आपापल्या पासष्ट मायक्रॉनच्या जागेत किंचित डुलणारे. मी गिअर टाकत नाही. थांबतो. मुलगी दप्तर मांडीवर घेऊन शेजारी बसलेली असते आणि तिलाही आता ते ठाऊक झालं आहे. आवाज हळूहळू बारीक होत जातो. आत ॲल्युमिनियम वाढत असतं, त्याच्यासाठी सोडलेली जागा त्याने भरत आणलेली असते. एका क्षणी टकटक थांबते.

"बसले बाबा," मुलगी म्हणते. मग आम्ही निघतो.